टकटकबाईंच्या दारातलं झाड

पालिकेत वृक्ष विभाग नावाचा एक विभाग आहे, हे बहुतेकांना झाड पडल्यावरच कळतं. तळमजल्यावर, गाड्यांच्या शेडला खेटून त्याची खोली आहे. तीन टेबलं, एक कपाट, कपाटावर दोरखंडांची वेटोळी आणि एक फोन. हा फोन सकाळी वाजायला लागला की साहेब जेवायला उठेपर्यंत थांबत नाही. एक गृहस्थ दर हिवाळ्यात फोन करतात, की तुमच्या झाडाची पानं आमच्या गच्चीवर पडतात, झाड तोडा. तेच गृहस्थ दर उन्हाळ्यात फोन करतात, की तुम्ही फांद्या छाटल्यात, आता आम्ही गाडी कुठल्या सावलीत लावायची? झाड तेच असतं आणि गृहस्थही तेच असतात.

या फोनवर बोलणाऱ्या बाई कागदोपत्री वृक्ष निरीक्षक आहेत, पण त्या हुद्द्याने त्यांना कोणी ओळखत नाही. सगळं शहर त्यांना टकटकबाई म्हणतं. हे नाव खरं तर चिडवायला ठेवलं होतं. बाईंनी ते स्वतःच वापरायला सुरुवात केली आणि चिडवणाऱ्यांची हवा गेली. आता फोन उचलला की त्याच म्हणतात, "हं, टकटकबाई बोलतेय. कुठलं झाड?"

नाव पडलं मोगरीमुळे. मोगरी म्हणजे लाकडी हातोडा. बाईंची मोगरी त्यांनीच एका पडलेल्या झाडाच्या फांदीतून करून घेतलेली, मुठीशी हात लागून लागून काळीभोर झालेली. झाड तपासायला गेल्या की त्या आधी लांब उभ्या राहून त्याचा शेंडा बघतात, मग जवळ जाऊन बुंध्याभोवती फिरत, डोक्यापासून पायापर्यंत, वीतवीतभर अंतरावर ठोकत जातात आणि कान लावून ऐकतात. भरीव लाकूड ठक वाजतं, पोकळ लाकूड ढब वाजतं. भरलेल्या पिंपावर आणि रिकाम्या पिंपावर टिचकी मारून पाहिली असेल त्याला यात जादू वाटायचं कारण नाही. पण एकोणतीस वर्षं रोज तेच ऐकत राहिलं की ठक आणि ढब यांच्या मधलेही दहा-बारा आवाज ओळखू यायला लागतात, आणि ते ऐकणारा कान पालिकेत एकच होता.

बाई कधीच चुकल्या नाहीत असं मी म्हणणार नाही. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी न्हाव्याच्या दुकानासमोरच्या एका झाडातून त्यांना ढब ऐकू आलं होतं. तेव्हाचे साहेब म्हणाले, "एवढं हिरवंगार झाड कुठे तोडता, शेऱ्यात 'नजर ठेवावी' लिहा." बाई नवीन होत्या, त्यांनी तसं लिहिलं. सगळ्यांनी छान नजर ठेवली, आणि सहा आठवड्यांनी ते झाड सगळ्यांच्या नजरेसमोर एका स्कूटरवर आडवं झालं. स्कूटरचा मालक आत केस कापून घेत होता म्हणून वाचला. अर्धे कापलेले केस घेऊन तो बाहेर आला, तो चेहरा बाई विसरल्या नाहीत. त्या दिवसापासून 'नजर ठेवावी' हे दोन शब्द त्यांनी पुन्हा कधी लिहिले नाहीत.

हे काम त्यांच्या घरातच होतं. बाईंचे वडील याच विभागात पाण्याच्या टँकरवर होते. रोपांना पाणी घालायचं, मेलेलं रोप बदलायचं, रोपाभोवती लोखंडी पिंजरा उभा करायचा आणि तीन वर्षांनी, खोड मनगटाएवढं झालं की तो काढायचा, हे बाबांचं काम. आता झाड लावायला अध्यक्षांपासून फोटोवाल्यापर्यंत झाडून सगळे येतात. पिंजरा काढायला मात्र पाना घेतलेला एकटा माणूस येतो आणि त्याचा फोटो कोणी काढत नाही. बाबांनी आयुष्यभर हे फोटो नसलेलं काम केलं. आज ते ब्याऐंशी वर्षांचे आहेत, काठीशिवाय चालत नाहीत, पण त्यांचा तो पाना अजून दारामागच्या खिळ्याला लटकलेला असतो. कशाला ठेवलाय म्हणून विचारलं तर म्हणतात, "असू दे. खात नाही ना काही?"

घर म्हणजे पालिकेच्या कर्मचारी वसाहतीतल्या तळमजल्याच्या दोन खोल्या. आधी बाबांच्या नावावर होत्या, पुढे बाईंच्या नावावर झाल्या. बाईंचे यजमान दिवाबत्ती खात्यात. दिव्यावर आलेली फांदी कोणी कापायची, यावरून ही दोन खाती पिढ्यान् पिढ्या भांडत आली आहेत. घरात मात्र ती एकाच टेबलाशी जेवतात आणि फांदीचा विषय काढत नाहीत.

वसाहतीच्या फाटकाशी, रस्त्याच्या कडेला, बाबांनी बाई चार वर्षांच्या असताना लावलेलं रेनट्रीचं झाड होतं. पन्नास वर्षांत त्याने अर्धा रस्ता आणि वसाहतीच्या दोन इमारती आपल्या पंखाखाली घेतल्या. संध्याकाळ झाली की ते पानं मिटून घ्यायचं, आणि बाबा खुर्ची उचलायला लावून घरात यायचे. बाबांचं घड्याळ तेच. लहानपणी बाबांचा टँकर वळणावर दिसतो का ते बघायला बाई तिथेच कशावर तरी चढून मान लांब करून उभ्या राहायच्या. आई म्हणायची, "मुलगी म्हणून घेऊन आले, निघाला जिराफ." पुढे त्या सावलीत बसचा थांबा आला. सकाळी साडेसातला तिथे शाळेची चाळीसेक मुलं दप्तरं पायाशी टाकून उभी असतात.

या झाडाला बाईंनी कधी मोगरी लावली नव्हती. एक तर तो रस्ता दुसऱ्या निरीक्षकाकडे होता. आणि दुसरं, डॉक्टर घरच्या माणसाची नाडी बघायला कचरतो, तसंच काहीसं. पण या वर्षी विभागाने हद्दी नव्याने आखल्या आणि वसाहतीचा रस्ता बाईंच्या वहीत आला. बाईंनी तो शेवटी ठेवला. शेवट आला तेव्हा एका सकाळी, मुलांची बस गेल्यावर, त्या मोगरी घेऊन फाटकाबाहेर आल्या. बाबा खुर्चीत पेपर वाचत होते.

डोक्याच्या उंचीवर ठक, छातीशी ठक, कमरेशीही ठक. सगळीकडून भरीव, खणखणीत. बाबा पेपराआडून म्हणाले, "मी पाणी घातलंय त्याला. तू काय ऐकणार?"

बाई गुडघ्यापर्यंत आल्या आणि त्यांचा हात थांबला. त्या फूटपाथवर बसल्या, फरशीला टेकून मोगरी मारली. ढब. अर्धी फेरी मारून दुसरीकडून मारली. तिथेही ढब. मग त्यांनी मान वाकवून बुंधा नीट पाहिला. म्हातारं झाड जमिनीशी येताना हत्तीच्या पायासारखं पसरतं. हे झाड खांबासारखं सरळ फरशीत शिरत होतं. म्हणजे त्याचा खरा पाय अजून खाली कुठेतरी होता. फूटपाथ इतक्या वेळा उंच झाला होता की पाय आत गेला होता, आणि पन्नास वर्षं येता-जाता हे आपल्याला दिसलं नाही, याचा बाईंना राग आला.

"काय म्हणतंय?" बाबांनी विचारलं.

"खाली पोकळ वाजतंय, बाबा."

"खाली म्हणजे कुठे?"

"अगदी फरशीशी. फरशीखाली आणखी असणार."

बाबांनी पेपराची घडी केली, काठी घेतली आणि ते आत गेले. दुपारी जेवले नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी बाईंशी बोलणं तोडलं. भाजी वाढू का, तर मान हलवायची, एवढंच. बाईंना वाटलं, झाडावरून रुसले. रुसू देत. चाळीस मुलांच्या डोक्यावर ते झाड ठेवून बाबांचा रुसवा काढता येणार नव्हता.

नियमाप्रमाणे त्यांनी नोटीस काढली. "सदर झाड धोकादायक असल्याने काढणे प्रस्तावित आहे. हरकती पंधरा दिवसांत." गोंदाची बाटली घेऊन ती त्यांनी आपल्या हाताने आपल्याच दारातल्या झाडाला चिकटवली.

हरकती यायला पंधरा दिवस लागले नाहीत, पंधरा मिनिटं पुरली. वरच्या मजल्यावर राहणारे मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक, चष्मा कपाळावर चढवून खाली आले.

"बाई, गावातली झाडं वाचवता आणि दारातलं तोडता? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

"अंधार आहे खरा, मास्तर. पण तो झाडाच्या आत आहे."

"पुरावा?"

"ऐकलं मी."

"ऐकलं हा पुरावा नाही," मास्तर म्हणाले, आणि गणिताच्या माणसाने म्हणावं तसंच ते होतं. त्यांनी त्रेचाळीस सह्या गोळा केल्या. कोणी म्हणालं, बाईंना खिडकीत ऊन हवंय. कोणी म्हणालं, लाकडाच्या ठेकेदाराशी काहीतरी असेल. मास्तरांनी मात्र असलं काही तोंडातून काढलं नाही. त्यांनी झाडं तपासणाऱ्या एका मंडळाला बोलावलं. ती माणसं सुईसारखं बारीक पातं असलेलं मशिन घेऊन आली, छातीच्या उंचीवर चार बाजूंनी भोकं पाडली आणि कागद देऊन गेली. झाड निरोगी, असा त्याचा निष्कर्ष होता. मास्तर तो कागद घेऊन थेट साहेबांकडे गेले.

साहेब तरुण होते, माणूस वाईट नव्हता. भांडण म्हटलं की ते पळवाट शोधायचे, एवढाच दोष.

"बाई, मशिन म्हणतं झाड ठणठणीत आहे."

"मशिन छातीशी बोलतंय साहेब, मी पायाशी बोलतेय. शितावरून भाताची परीक्षा होते, झाडाची नाही होत."

"असं करू. छाटणी लिहा. वजन कमी होईल, लोकही गप्प बसतील. आणि मग आपण नजर ठेवू."

बाईंच्या डोळ्यांसमोर अर्धे केस कापलेला तो माणूस उभा राहिला.

"नजर ठेवून मी एकदा पाहिलंय. झाडाला नजरेची लाज वाटत नाही. तुम्ही फूटपाथ उकरायची परवानगी द्या. बुंध्याभोवती हातभर, मुळांपर्यंत."

"आणि खाली काहीच निघालं नाही तर? सगळ्या वसाहतीसमोर?"

"तर मोगरी या कपाटात ठेवीन. उरलेली वर्षं टेबलावर बसून पत्रांना नंबर घालीन. पुन्हा कुठल्या झाडाबद्दल तोंड उघडणार नाही."

"लिहून देता?"

"कागद द्या."

त्यांनी लिहून दिलं, खाली सही केली, तारीख घातली. आपल्या कानावर त्यांचा भरवसा होता आणि तो त्यांनी कष्टाने कमावलेला होता. घरी जाताना मात्र हिशेब जुळेना. चूक ठरलं तर मोगरी जाणार होती. बरोबर ठरलं तर बाबांचं झाड जाणार होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कोणाकडे करायची?

रात्रीच्या जेवणाला यजमान म्हणाले, "हे झाड गेलं की अकरा नंबरच्या खांबाचा उजेड पहिल्यांदा रस्त्यावर पडेल." मग बायकोचा चेहरा पाहून घाईने म्हणाले, "म्हणजे मला उजेड नकोच आहे." बाबा ताटाकडे बघत बसले होते.

शाळेला सुट्टी होती त्या दिवशी सकाळी खोदकाम ठरलं. कटिंगचा मुकादम आपली माणसं, पहार, छिन्नी आणि लागलेच तर म्हणून दोर-करवती घेऊन आला. साहेब आले. मास्तर आले, त्यांच्यामागे सह्या केलेले बरेचसे आले. गॅलऱ्या भरल्या. बाबा घरातच होते, दार लोटून.

आधी रंगीत सिमेंटचे ठोकळे निघाले. त्याखाली चौकोनी फरशा निघाल्या, त्याखाली वाळू, त्याखाली दगडी लाद्या. मुकादम म्हणाला, "तीन साहेबांची कारकीर्द आहे ही. चौथे साहेब इथे उभेच आहेत." साहेब कसनुसं हसले. लाद्यांखाली भराव लागला. गॅलरीतून कोणीतरी म्हणालं, "काही नाही हो, माती आहे नुसती." बाई खड्ड्याच्या काठावर उकिडव्या बसून राहिल्या. कान त्यांनी पहारेकडे लावला होता.

पहार खण् करून वाजली.

"बाई," मुकादम म्हणाला, "लोखंड लागतंय इथे."

त्याने हाताने माती बाजूला केली. बुंध्याच्या अंगात रुतलेली एक लोखंडी कडी होती. झाडाने ती जवळजवळ गिळली होती. वरून आणि खालून साल ओठांसारखी फुगून तिच्यावर आली होती, आणि एका बाजूला गंजलेला बोल्ट तेवढा बाहेर राहिला होता. कडीच्या खालचं लाकूड ओलं, काळं पडलेलं. मुकादमाने पहारेचं टोक त्यावर नुसतं टेकवलं, तर ते हातभर आत गेलं. जोर लावावा लागला नाही.

मास्तर चष्मा डोळ्यांवर ओढून वाकले, मग त्यांनी स्वतः पहार हातात घेतली आणि दुसऱ्या बाजूने टेकवली. तिथेही ती आत गेली. ते सरळ उभे राहिले आणि बाईंना म्हणाले, "उत्तर तुमचं बरोबर आहे. पायऱ्या माझ्या चुकल्या." एवढं स्पष्ट बोलायला माणूस मोठा लागतो.

"पिंजऱ्याची कडी ही," मुकादम म्हणाला. "खालची. काढलीच नाही कोणी. झाड वाढलं, कडी थोडीच वाढतेय? आवळत गेली."

"कोणाचं काम म्हणायचं हे?" गॅलरीतून प्रश्न आला.

साहेब म्हणाले, "तेव्हाचं कोण आता सांगणार? तेव्हाची नोंद असेल का, बाई?"

पिंजरे त्या काळी कोण काढायचं, हे त्या गर्दीत फक्त बाईंना माहीत होतं. एकोणतीस वर्षांत झाडाबद्दल त्या खोटं बोलल्या नव्हत्या. पण आता त्यांनी तोंड उघडलं ते "नोंद नाही" असं म्हणायलाच. वडिलांना त्या चव्हाट्यावर आणणार नव्हत्या.

"नोंद कशाला हवी?" मागून आवाज आला. "मी होतो."

बाबा काठी टेकत आले. लोकांनी वाट दिली. खड्ड्याच्या काठाशी थांबून त्यांनी त्या बोल्टकडे पाहिलं.

"वरचा पिंजरा मी वेळेत काढला," ते म्हणाले. "ही खालची कडी तेवढी ठेवली. चार पायांवर, फूटभर उंच. मुद्दाम ठेवली."

"मुद्दाम?" साहेब म्हणाले. "का पण?"

बाबांनी काठीने बाईंकडे दाखवलं. "हिला विचारा. नाही, हिला नाही आठवायचं. सात वर्षांची होती. या कडीवर उभी राहून माझ्या टँकरची वाट बघायची. मी पाना लावला, तर हिने रडून रडून वसाहत डोक्यावर घेतली. कडीला मिठी मारून बसली. म्हटलं, राहू दे आणखी एक वर्ष. वर्षाने काय होतंय? तर त्याच उन्हाळ्यात भराव टाकून रस्ता उंच केला, वर लाद्या बसवल्या. कडी खाली गेली. माझी बदली गावापलीकडच्या पाण्याच्या टाकीवर झाली. मग दृष्टीआड सृष्टी. रोज त्याच लाद्यांवरून ये-जा केली, पण आठवलं नाही."

बाईंना एकदम तळपाय आठवले. अनवाणी तळपायाखालचं सकाळचं गार लोखंड, बोटांनी पकडलेली ती गोल कड, आणि वळणावरून येणारा हिरवा टँकर. कशावर तरी चढून उभ्या राहायच्या, ते हे होतं.

"मी फरशीशी म्हणाले तेव्हा तुम्हाला आठवलं," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी."

"त्याच क्षणी."

"मग सांगितलं का नाही, बाबा? पंधरा दिवस?"

बाबा बोल्टकडेच बघत म्हणाले, "वाटलं, तुझा कान एकदा चुकला तर बरं होईल."

आपला बाप पंधरा दिवस आपण हरावं म्हणून वाट बघत होता, आणि त्यांना त्याचा जराही राग आला नाही. त्यांनी मातीच्या हाताने बाबांचा हात धरला, त्यांच्यासाठी खुर्ची मागवली, सावलीत नव्हे तर पार पलीकडच्या फूटपाथवर, दोरांच्या टप्प्याबाहेर. मग मुकादमाकडे वळून म्हणाल्या, "शेंड्यापासून घ्या. थांब्याच्या बाजूची मोठी फांदी आधी. दोर दोन बांधा, एक पुरायचा नाही." आवाज नेहमीसारखाच होता, मुकादमानेही तो नेहमीसारखाच ऐकला.

चार वाजेपर्यंत झाड खाली आलं. एकाही खिडकीची काच फुटली नाही, थांब्याच्या छपराला ओरखडा आला नाही. बुंधा कापल्यावर आतून मुठी मुठी काळा भुगा पडला, तेव्हा सह्या केलेल्यांपैकी एका आईने आपल्या मुलाला उगाचच जवळ ओढलं. संध्याकाळी बाबा खुर्चीत बसून राहिले. मिटायला पानं नव्हती, त्यामुळे आत कधी जायचं ते त्यांना कळेना. शेवटी बाईंनीच त्यांना हाताला धरून आत नेलं. अकरा नंबरच्या खांबाचा उजेड रस्त्यावर पडला होता. यजमानांनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी अहवाल लिहायचा होता. त्यात 'कारण' असा एक रकाना असतो. साहेब म्हणाले, "जुने झाड, असं लिहा बाई. पन्नास वर्षांपूर्वीचं कोण विचारतंय? तुमचे वडीलही..."

"कानाला ऐकू आलं ते वर लिहिलंय साहेब. डोळ्याला दिसलं तेही लिहायला नको?"

त्यांनी लिहिलं, "पिंजऱ्याची खालची कडी मुदतीत काढली नाही. न काढण्याचे कारण : विद्यमान निरीक्षकाचा हट्ट, वय वर्षे सात."

साहेबांनी ते दोनदा वाचलं. हसावं की काय करावं हे न कळून त्यांनी सही केली. मोगरी कपाटात ठेवण्याबद्दल बाईंनी लिहून दिलेला तो कागद खणातून काढून त्यांनी त्याचे चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले.

बाई मात्र तिथे थांबल्या नाहीत. कपाटातून त्यांनी लागवडीच्या वह्या काढल्या. कोणतं रोप, कोणी लावलं, कोणत्या तारखेला, पाहुणे कोण, सगळं सुवाच्य अक्षरात होतं. पिंजरा कधी काढला, हा रकानाच नव्हता. तीन वर्षांवरचे, अजून उभे असलेले पिंजरे मोजले तर दोनशे सतरा निघाले. बाईंनी पट्टी घेतली आणि प्रत्येक पानाच्या उजव्या कडेला एक उभी रेघ मारली. वर लिहिलं, 'पिंजरा काढला, तारीख.' दोनशे सतरा चौकोन कोरे होते. मुकादम म्हणाला, "माणसं कमी आहेत, बाई. कोण काढणार एवढे?"

"एक माणूस आहे माझ्याकडे. जुना आहे, पण त्याच्याकडे स्वतःचा पाना आहे."

रविवारी सकाळी बाईंनी दारामागच्या खिळ्यावरून पाना काढून बाबांच्या हातात दिला. वसाहतीसमोरच, रस्त्याच्या पलीकडे, चार वर्षांपूर्वीची रोपं होती. पहिल्याचं खोड मनगटाहून जाड झालं होतं, खालची कडी त्याला जवळजवळ टेकली होती. बाबांना उकिडवं बसता येत नव्हतं, म्हणून यजमानांनी खुर्ची आणून लावली. मास्तर गॅलरीतून बघत होते. थोड्या वेळाने तेही खाली आले, रॉकेलची बाटली घेऊन, आणि गंजलेल्या बोल्टवर अगदी मोजून चार थेंब टाकले.

वरचा बोल्ट निघाला. पट्ट्या निघाल्या. बाई जमिनीवर बसल्या, खालची कडी दोन्ही हातांनी घट्ट धरली, म्हणजे हलू नये. बाबा खुर्चीतून वाकले, पाना बोल्टला लावला, पण फिरवला नाही. मुलीकडे बघून म्हणाले,

"या वेळी रडायचं नाही हं."

"नाही रडत," बाई म्हणाल्या. "तुम्ही काढा."

बाबांनी पाना फिरवला. बोल्ट निघेपर्यंत बाई रडत होत्या, पण कडी त्यांनी सोडली नाही, आणि ती निघाली.